मोडी येणे आणि मोडी वाचता येणे

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तो कोरला गेला. त्याला सुमारे १९०० वर्षे झाली. त्याची ब्राह्मी लिपी कोणाच्या घरात चालत आलेली नाही, त्याची बोली कोणाच्या तोंडी नाही, तरी त्या लेखात काय लिहिले आहे याबद्दल आज फारशी शंका उरलेली नाही. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी उलगडली, विसाव्या शतकाच्या आरंभी एमिल सेनार्ट यांनी नाशिकचे लेख ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये पाठासह छापले आणि प्रश्न बव्हंशी मिटला. आता त्याच नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या तहसील कचेरीत जाऊन १८९० च्या सुमाराचे कोतवाल बुक उघडावे. भाषा मराठी, नावे आपल्याच गावची, विषय जन्म-मृत्यूचा, म्हणजे याहून साधा नाही. कागद आपल्या खापरपणजोबांच्या काळातला. तरीही ते पान शंभरातल्या नव्याण्णव सुशिक्षित मराठी माणसांना एक अक्षरही वाचता येत नाही. जितके जुने तितके अवघड ही आपली समजूत इथे उलटी पडते. ती का पडते याचे उत्तर नीट शोधले नाही, तर मोडी कागदांसाठी सध्या जे उपाय चालले आहेत ते अर्ध्यावरच थांबतील, असे माझे म्हणणे आहे.

पहिले उत्तर सहज सुचते: मोडी ही वेगळी लिपी आहे आणि ती आपल्याला शिकवली जात नाही. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. १८१० साली विल्यम केरी यांचा मराठी कोश श्रीरामपूरला मोडी टाइपात छापला गेला. अशी छापील मोडी, किंवा २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाल्यावर तयार झालेल्या टंकांतली मोडी, देवनागरी जाणणाऱ्याला थोड्या दिवसांच्या सरावाने वाचता येते. मुळाक्षरे, बाराखडी, काही जोडाक्षरे एवढाच तो व्याप. पण तोच वाचक कचेरीतल्या रुमालापुढे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यापुढे, बसला की पहिल्या ओळीतच अडतो. म्हणजे अडथळा लिपीच्या पलीकडे कुठेतरी आहे, आणि तो हाताच्या वेगात आहे. शिलालेख कोरणारा माणूस अनोळखी वाचकासाठी कोरतो. त्याचे प्रत्येक अक्षर स्वतंत्र, आपल्या पायांवर उभे असते. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा आखून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघांना शब्द लटकवत जाई. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, काना पुढच्या अक्षरात वळलेला. हे त्याचे दोष नव्हते. दिवसाला पन्नास कागद लिहिणाऱ्याने वाचवलेली ती मेहनत होती. आणि ती वाचवणे त्याला परवडत होते, कारण ज्याच्यासाठी तो लिहीत होता त्याला मजकुराचा निम्मा भाग आधीच ठाऊक होता. धावत्या हस्ताक्षराचा हाच स्वभाव आहे. ते जाणकारासाठी लिहिलेले असते, म्हणून ते वाचण्यासाठी अक्षरांइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, त्या जाणकारीची गरज असते.

जगात इतरत्र पाहिले तरी हेच दिसते. रशियन हस्ताक्षरात श, इ, ल, म या ध्वनींची अक्षरे एकामागून एक आली की कागदावर नुसत्या सारख्या उंचीच्या लाटा उरतात. रशियन शिकणारा परदेशी माणूस तिथे हतबल होतो, आणि रशियन माणूस न थांबता पुढे जातो, कारण तिथे कोणता शब्द येणार हे त्याला आधीच्या शब्दावरून कळलेले असते. फारसीच्या शिकस्ता वळणात नुक्ते गळतात आणि जी अक्षरे एरवी जोडायची नाहीत तीही जोडली जातात. उस्मानी साम्राज्याच्या हिशेबखात्यात सियाकत नावाचे वळण होते. त्यात नुक्ते जवळजवळ नसतच, त्यामुळे खात्याबाहेरच्या तुर्की माणसालाही ते वाचता येत नसे. जर्मनीत १९४१ साली शाळांतून जुने वळण काढून टाकले गेले आणि पुढच्या दोन पिढ्यांत नातवंडांना आजीची पत्रे वाचता येईनाशी झाली. भाषा तीच, घर तेच. जपानमध्ये १९०० साली शालेय लेखन प्रमाणित झाले आणि त्याआधीच्या हजार वर्षांचे कुझुशिजी वळणातले लेखन सामान्य जपानी वाचकाला बंद झाले. बिहारमध्ये २०२४ साली जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा कैथी लिपीतले जुने दस्त वाचायला माणसे मिळेनात आणि सरकारला आपल्याच कर्मचाऱ्यांना कैथी शिकवायला बसावे लागले. लिप्या वेगळ्या, राजवटी वेगळ्या, पण हस्ताक्षर आणि त्याचा जाणकार यांची ताटातूट झाली की काय होते, ते सगळीकडे सारखेच.

नाशिकच्या कागदासाठी ही जाणकारी म्हणजे नेमके काय? ‘गुलशनाबाद’ हे मोगल अमलातले नाशिकचेच नाव, हे माहीत नसेल तर अक्षरे अचूक लावूनही वाचक भलत्याच शहरात पोहोचतो. ‘रामजी बिन तुकोजी’ यातला ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘भागीरथी कोम गणू’ यातला ‘कोम’ म्हणजे बायको. हे ठाऊक नसलेला वाचक ‘बिनतुकोजी’ असे एक नवे नाव तयार करतो, आणि शब्दांत जागाच सोडलेली नसल्यामुळे त्याची चूक कागद दाखवून देत नाही. तारखेआधी ‘छ’ आला की तो चंद्राचा, म्हणजे तिथी मुसलमानी महिन्याची. साल अरबी अंकशब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन ११६१, म्हणजे इसवी १७६०-६१, पानिपताचे साल. फसली सन वेगळा, शालिवाहन शक वेगळा, आणि एकाच रुमालात तिन्ही सापडू शकतात. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, पण ‘कि॥’ कुठे कित्ता असतो आणि कुठे किल्ला. रकमेपुढची एक उभी रेघ चार आण्यांची, दोन रेघा आठ आण्यांच्या. एक रेघ सुटली तर सारा बदलतो. यातली एकही गोष्ट मुळाक्षरांच्या तक्त्यात नसते. ती असते महसुलाच्या, कुळाच्या, गावगाड्याच्या माहितीत.

त्यातही एक अडचण अशी आहे की मोडी शिकणाऱ्याच्या हाती सहसा सगळ्यात सुबक नमुने पडतात. चिटणिशी वळण, पेशवाईतली पत्रे, दरबारी लेखकांची रेखीव ओळ हे बोरूने लिहिलेले, सुस्पष्ट आणि इतिहासकारांच्या आवडीचे. लोकांना आज ज्या कागदांची निकड आहे ते बहुतेक इंग्रजी अमलातले आहेत: टाकाने, स्वस्त कागदावर, गावच्या तलाठ्या-कुलकर्ण्याने घाईने ओढलेले. ही आंग्लकालीन मोडी पेशवेकालीन मोडीपेक्षा वाचायला कठीण, हे त्या क्षेत्रातले लोक नेहमी सांगतात. एका गावात तीस वर्षे एकच हात लिहीत असे, म्हणजे एकदा तो हात ओळखीचा झाला की पुढची पाने सुलभ होतात, पण शेजारच्या गावात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. निफाडचा हात येणाऱ्याला बागलाणचा हात येईलच असे नाही.

या सगळ्याला आज एकदम महत्त्व आले ते इतिहासप्रेमामुळे आलेले नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात, मग राज्यभर सुरू झाला. महसूल, भूमी अभिलेख, शाळांची दाखलखारीज रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदी असे कोट्यवधी कागद तपासले गेले आणि ५० लाखांहून अधिक कुणबी नोंदी मिळाल्याचे सरकारने सांगितले. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. पुरावा जितका जुना तितका वजनदार, आणि जितका जुना तितकी तो मोडीत असण्याची शक्यता जास्त. या आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू कोणतीही असो, एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी: ज्या कागदावर एखाद्या मुलाचा प्रवेश किंवा एखाद्या घराची जमीन ठरते, तो कागद वाचणारी माणसे मोजकी आणि त्यांचे वाचन तपासणारी त्याहून मोजकी असणे धोक्याचे आहे. नोंद लपवायची असेल त्यालाही ते सोयीचे आणि नसलेली नोंद दाखवायची असेल त्यालाही.

एका अक्षरावर काय काय अवलंबून असते हे मराठी माणसाला सांगावे लागू नये. ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले असे लोक म्हणू लागले, आणि नाशिकजवळची आनंदवल्ली त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. पुराव्याच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि एका बाईला शतकानुशतके दोषी धरण्याइतका आधार तिला नाही, असे मलाही वाटते. पण ही कथा लोकांना पटली, याला कारण आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजालाही हे कळत होते की कागदावरचे अक्षर दुसऱ्याच्या हातात आहे आणि आपला जीव त्यात अडकला आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. मोडी ही मूठभर लेखनिक जातींची मक्तेदारी होती. कुलकर्ण्याने लिहिलेले कुणब्याला वाचता येत नव्हते आणि त्या अंधारात त्याची जमीन गेली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कारकुनी वर्गाने शेतकऱ्याला कसे नाडले ते सविस्तर मांडले आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली तेव्हा त्यांनी प्रामुख्याने कर्जरोखे हिसकावून जाळले. कागद हीच बेडी आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते. पुढे १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्यात शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद करावी लागली. मग अशा लिपीचा गोडवा कशाला गावा? ती गेली ते बरेच झाले. या आक्षेपातला इतिहास मला पूर्ण मान्य आहे. १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे देवनागरी, घ्यायचे ठरवले, तो निर्णय योग्यच होता. मोडी पुन्हा व्यवहारात आणावी, शाळेत सक्तीची करावी, दुकानांच्या पाट्यांवर लावावी, यातले काहीही मला नको आहे. पण लिहिणे थांबले म्हणून लिहिलेले संपले नाही. ते कागद कायद्याने जिवंत आहेत, त्यांच्यावर आजही निकाल लागतात. ते वाचणारे जितके कमी, तितकी जुनी मक्तेदारी नव्या रूपात परत येते. पूर्वी कुलकर्ण्यापुढे हात जोडायचे, आता पाननिहाय पैसे घेऊन लिप्यंतर करून देणाऱ्यापुढे. फुल्यांचे म्हणणे शेवटपर्यंत न्यायचे तर ज्या घरांविषयी हे कागद लिहिले गेले, त्या घरांतल्या मुलामुलींना ते वाचता आले पाहिजेत.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, अनेक संस्था आठ-दहा दिवसांत मोडी शिकवतात, हजारो लोक प्रमाणपत्रे घेऊन बाहेर पडले आहेत. मग माणसे कमी कशी? हे वर्ग चांगले आहेत आणि ते चालवणाऱ्यांपैकी कित्येकांनी पदरमोड करून ही विद्या जगवली आहे. पण आठवड्याभरात जे मिळते ते अक्षरज्ञान. वाचन त्याच्या पुढे सुरू होते आणि ते एका प्रकारच्या, एका प्रांताच्या कागदांवर वर्ष-दोन वर्षे बसल्याशिवाय येत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात सुमारे ५ कोटी कागद आहेत असे सांगितले जाते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून ४५ खंड काढले, ते पुढच्या सगळ्या संशोधनाचा पाया झाले. पण सरदेसायांच्या हाताखाली जे मदतनीस बसले होते ते रोज, पूर्णवेळ, त्याच कामासाठी बसले होते. आज गरज पडली की वाचक बोलवायचा, नोंद सापडली की त्याला निरोप द्यायचा, अशी रीत आहे. या रीतीने एक मोहीम पार पडते, वाचक घडत नाही. पुढची मोहीम निघेल तेव्हा पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तिसरा आक्षेप सध्या सगळ्यात जोरात आहे: हे काम आता यंत्र करील. यंत्राला मी कमी लेखत नाही. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीने मोडी कागदाच्या छायाचित्रावरून देवनागरी पाठ देणारी प्रणाली जाहीर केली आणि तिच्यासाठी तयार केलेला २,०४३ छायाचित्रांचा लिप्यंतरासह संच खुला केला. हे मोलाचे काम आहे. पण त्या आकड्याकडेच नीट पाहावे. यंत्राला शिकवायला जी पाने लागतात ती आधी माणसाने बिनचूक वाचलेली असावी लागतात, आणि तशी पाने दोन हजारांच्या घरात आहेत, तर न वाचलेली कोटींत. जपानची वाट इथे बोधक आहे. तिथे क्योटोच्या संशोधकांनी २०१७ साली जुन्या भूकंपांविषयीची कुझुशिजीतली कागदपत्रे लोकांसाठी खुली केली आणि हजारो स्वयंसेवकांनी ती वाचून काढली. २०२१ साली छायाचित्रावरून कुझुशिजी वाचणारे ‘मिवो’ हे मोबाइल अॅप आले, तेही अभ्यासकांनी आधी जमवलेल्या लक्षावधी अक्षरनमुन्यांच्या जोरावर. म्हणजे यंत्रामागे माणसांच्या वाचनाचा ढीग लागतो. शिवाय यंत्र जिथे अडखळते तिथे ते थांबत नाही, बहुधा संभाव्य शब्द भरून मोकळे होते. कादंबरीत हे चालेल. जातीच्या रकान्यात ‘कु॥’ एवढेच लिहिलेले असताना तिथे कोणता शब्द पुरा करायचा, हा निर्णय यंत्राच्या अंदाजावर सोडणे मला अन्यायाचे वाटते. तिथे त्या गावच्या इतर नोंदी पाहणारा, आणि शंका असेल तर ‘वाचता येत नाही’ असे लिहिण्याचे धैर्य असणारा माणूसच हवा.

जाणकारी म्हणजे काय हे नाशिकमध्ये प्रत्यक्ष पाहायचे तर रामकुंडावर पाहावे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. यात्रेला आलेल्या माणसाचे गाव, आडनाव, वाडवडील, बरोबरची माणसे, असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले, कित्येकदा यजमानाच्या स्वतःच्या हाताने. महाराष्ट्राबाहेरूनही लोक येत असल्यामुळे त्या बाडांत मोडी-देवनागरीबरोबर इतर लिप्याही सापडतात. तरी उपाध्ये काही मिनिटांत तुमच्या पणजोबांचे नाव काढून दाखवतात. सगळ्या लिप्यांचे पंडित असल्यामुळे त्यांना हे जमत नाही. कोणते घराणे कोणत्या बाडात, त्या घरात कोणती नावे फिरत येतात, हे त्यांना घरातून मिळालेले असते, आणि ते माहीत असल्यावर वाईट अक्षरही वाचता येते. पण ही विद्या घरापुरती आहे. पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात गेली की बाड उरेल आणि ते वाचण्याची किल्ली जाईल. ही बाडे खाजगी मालमत्ता आहेत आणि त्यांतली माहिती लोकांच्या कुटुंबांची आहे, म्हणून ती सरसकट खुली करावी असे मी म्हणणार नाही. मात्र बाडांची रचना, त्यांतले हात, संक्षेप आणि गावांच्या याद्या उपाध्यायांच्याच संमतीने टिपून ठेवता येतील. सिंहस्थ तोंडावर आहे. त्यासाठी होणाऱ्या खर्चात या कामाचा वाटा अगदी किरकोळ असेल.

नाशिकला हे जमण्याजोगे आहे. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय इथे आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय इथे आहे, आणि नोकरी सांभाळून वर्षभर एखादी विद्या शिकणाऱ्यांसाठीच ते स्थापन झाले. शेजारच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. या सर्वांनी जिल्हाधिकारी कार्यालयाशी बसून ठरवले तर तालुक्यागणिक कागदांचे छायाचित्रण, गावागावच्या लेखनिकांच्या हातांचे नमुने आणि जिल्ह्याचा महसुली शब्दकोश एवढे तरी पहिल्या दोन-तीन वर्षांत उभे राहील. जिल्ह्याला मोडी वाचकाची कायम, पगारी पदे असावीत. हक्क ठरवणारी कोणतीही नोंद दोन वाचकांनी एकमेकांचे न पाहता वाचावी, आणि पाठ जुळला नाही तर तिसऱ्याकडे जावे. मूळ पानाचे छायाचित्र आणि पाठ शेजारी शेजारी ठेवून अर्जदाराला मिळावेत, म्हणजे पुढच्या कोणालाही ते पडताळता येतील.

आणि वाचकांना एक विनंती. शाळांतून मोडी १९५० च्या आसपास गेली, म्हणजे ती शाळेत शिकलेली माणसे आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात अशाच वयाच्या लोकांनी एकत्र येऊन, लोकांनी पाठवलेली जुन्या वळणातली पत्रे वाचून देण्याचे काम वर्षानुवर्षे केले. आपल्या घरात, वाड्यात, गल्लीत असे कोणी आजी-आजोबा असतील तर माळ्यावरचे दप्तर खाली काढा, प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो घ्या, त्यांच्यासमोर ठेवा, आणि ते जे वाचतील ते त्याच दिवशी तारीख घालून लिहून काढा. त्यांना सगळे वाचता आले नाही तरी गावाची, माणसांची, शेतांची नावे विचारून घ्या. कागद रद्दीत देऊ नका आणि मूळ प्रत कोणाच्याही हवाली करू नका.